जाते आणि कॅमेरा : दृश्य मानवशास्त्राचा इतिहास परभणीतून वाचताना

2024 च्या जुलै महिन्यात परभणी जिल्ह्यातल्या आमच्या महाविद्यालयात एम. ए. समाजशास्त्राच्या वर्गाला ‘दृश्य मानवशास्त्र आणि लोकजीवनपट’ हा नवा वैकल्पिक विषय सुरू झाला. शिकवण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. पहिल्या तासाला अठरा विद्यार्थी होते, अकरा मुली आणि सात मुलगे. फळ्यावर विषयाचे नाव लिहून झाल्यावर मी विचारले, “तुमच्या घरातला सर्वांत जुना फोटो कोणाचा आहे आणि तो कशासाठी काढला होता?”

मला वाटले होते, लग्नातले फोटो निघतील, जत्रेत रंगवलेल्या पडद्यासमोर उभे राहून काढलेले निघतील. तसे काही निघालेही. पण अर्ध्याहून अधिक वर्गाचे उत्तर वेगळे होते. कोणाच्या आजोबांचा फोटो रेशनकार्डासाठी काढलेला, कोणाच्या चुलत्याचा पीककर्जाच्या फायलीसाठी, कोणाच्या आईचा मतदार ओळखपत्रासाठी. पूर्णा तालुक्यातल्या एका खेड्यातून येणारी मुलगी म्हणाली, “सर, माझ्या आजीचा एकच फोटो आहे. निराधारच्या अर्जाला लावलेला. फोटो तहसीलात गेला, घरी त्याची झेरॉक्स आहे.”

वर्ग हसला, तीही हसली. मी मात्र त्या वाक्यापाशी अडलो. माझ्या टिपणवहीत या विषयाचा इतिहास ऑस्ट्रेलियाजवळच्या एका सामुद्रधुनीत सुरू होत होता आणि कॅनडा, बाली, आफ्रिका असा फिरून बऱ्याच उशिरा भारतात येत होता. या मुलीने तो एका वाक्यात तहसील कचेरीपर्यंत आणून ठेवला होता. आपल्या माणसांची चित्रे काढली गेली, पण ती काढणाऱ्याकडे राहिली. घरात उरली तर झेरॉक्स. पुढचे सहा महिने मी हा विषय याच सूत्राने शिकवला. त्यातून जे हाती लागले आणि जिथे मी स्वतः चुकलो, ते या लेखात मांडत आहे.

दृश्य मानवशास्त्र म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगायला हवे. छायाचित्र, चित्रफीत आणि ध्वनिमुद्रण यांच्या साहाय्याने माणसांच्या जगण्याचा अभ्यास करणे हे त्याचे एक अंग. माणसे स्वतःची आणि इतरांची चित्रे कशी करतात, ती कोण बघते, कोण जपते, याचा अभ्यास हे दुसरे अंग. पाठ्यपुस्तकांत पहिल्या अंगाला पाने अधिक असतात. आमच्या भागातून पाहिले तर दुसरे अंग आधी समोर येते.

पाठ्यपुस्तकातला आरंभ 1898 चा आहे. त्या वर्षी केंब्रिज विद्यापीठाची एक मोहीम आल्फ्रेड हॅडन यांच्या नेतृत्वाखाली ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या टॉरस सामुद्रधुनीतल्या बेटांवर गेली. हॅडन यांनी सोबत चलच्चित्रांचा कॅमेरा नेला होता. त्यांच्या चित्रणातली आज उरलेली फीत जेमतेम चार मिनिटांची आहे. तिच्यात बेटावरचे लोक एका जुन्या विधीतले नृत्य करताना दिसतात. हा विधी मिशनऱ्यांच्या प्रभावाने तोपर्यंत बंद पडला होता. हॅडन यांच्या आग्रहावरून लोकांनी तो पुन्हा करून दाखवला आणि मूळचे मुखवटे उरले नव्हते म्हणून पुठ्ठ्याचे केले. म्हणजे या शास्त्राच्या पहिल्याच चित्रफितीत आपल्याला दिसते ते कॅमेऱ्यासाठी पुन्हा उभे केलेले जगणे. ही गोष्ट मी वर्गाला लक्षात ठेवायला सांगितली, कारण पुढे ती आमच्याच वाट्याला येणार होती.

त्यानंतर एकाच वर्षाने, 1899 मध्ये, मुंबईत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर उर्फ सावेदादा यांनी विलायतेहून मागवलेल्या कॅमेऱ्याने हँगिंग गार्डनमधल्या कुस्तीचे चित्रण केले. फिल्म धुण्यासाठीही विलायतेला पाठवावी लागली. 1901 मध्ये रँग्लर परांजपे इंग्लंडहून परत आले, तेव्हाच्या त्यांच्या स्वागताचेही चित्रण सावेदादांनी केले. चित्रपटाच्या इतिहासात त्यांना मान आहे. मानवशास्त्राच्या पुस्तकात त्यांचे नाव सहसा येत नाही. मी दोन्ही घटना फळ्यावर शेजारीशेजारी लिहिल्या. एकीकडे दूरच्या बेटावर जाऊन परक्यांचे नृत्य टिपणारा अभ्यासक आणि दुसरीकडे आपल्याच शहरातली कुस्ती आपल्याच लोकांना दाखवणारा छायाचित्रकार. दुसऱ्या प्रकाराला त्या काळी शास्त्र म्हटले गेले नाही, एवढाच फरक.

शास्त्र म्हणून जे झाले त्याची आपल्याकडची परंपरा फोटोपासून सुरू होते. 1857 च्या उठावानंतर इंग्रज सरकारला आपली प्रजा नेमकी कोण आहे हे जाणून घ्यायची निकड वाटू लागली. 1868 ते 1875 या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाने आठ खंड निघाले. त्यांत साडेचारशेहून अधिक छायाचित्रे आहेत आणि त्यांखाली त्या त्या जातीजमातीचे वर्णन आहे. हे लोक दिसतात कसे, वागतात कसे, सरकारशी एकनिष्ठ आहेत की नाहीत, अशा शेऱ्यांनी ती वर्णने भरलेली आहेत. फोटोतल्या माणसाचे नाव बहुतेक ठिकाणी नाही. त्याच्या जागी जातीचे नाव आहे.

हा भाग शिकवत असताना पारधी समाजातला एक विद्यार्थी उभा राहिला. एरवी तो फारसा बोलत नसे. म्हणाला, “सर, आमच्या वस्तीवर अजून कोणी मोबाईल वर धरला की म्हातारी माणसं तोंड फिरवतात. फोटो म्हणजे पोलीस, हे डोक्यात बसलंय.” 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कितीतरी भटक्या समाजांवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. त्यांची नोंद, त्यांची हजेरी, त्यांच्या बोटांचे ठसे हा राज्यकारभाराचा भाग झाला. कायदा रद्द झाला तो 1952 मध्ये. मराठवाड्यात लोकसाहित्याच्या अभ्यासाचा पाया घालणारे डॉ. प्रभाकर मांडे यांनी ‘गावगाड्याबाहेर’ या पुस्तकात या समाजांचे जगणे मांडले आहे. मी ते पुस्तक त्या मुलाला वाचायला दिले. पण पुढे लघुपटासाठी विषय निवडायची वेळ आली तेव्हा त्याने आपल्या वस्तीवर कॅमेरा नेणार नाही असे सांगितले आणि त्याऐवजी तालुक्याच्या बाजारातल्या फोटो स्टुडिओवर लघुपट केला. अधिकारी सांगतील तसे पासपोर्ट फोटो काढून देणाऱ्या त्या दुकानात तो चार दिवस बसून होता. मला ती निवड आजही योग्य वाटते.

परभणी जिल्हा इंग्रजी मुलखात नव्हता, तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 17 सप्टेंबर 1948 रोजी संस्थान भारतात विलीन झाले, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. जाती मोजण्याचा आणि मांडण्याचा उद्योग संस्थानातही झाला. सय्यद सिराज उल हसन यांचा निजामाच्या राज्यातल्या जातीजमातींविषयीचा इंग्रजी ग्रंथ 1920 मध्ये निघाला. लग्न कसे लावतात, मृताला पुरतात की जाळतात, कोणाच्या हातचे खातात, अशा नोंदी त्यात जातवार आहेत. आमच्या वर्गातल्या बहुतेक आडनावांची पाळेमुळे तिथे कुठल्या ना कुठल्या पानावर सापडतात.

संस्थानात चलच्चित्रांचा कॅमेरा घेऊन फिरलेला मानवशास्त्रज्ञ म्हणजे क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ. हा ऑस्ट्रियन विद्वान 1936 मध्ये प्रथम नागा टेकड्यांत आला. 1939 मध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा तो भारतातच होता आणि शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला. त्याला हैदराबाद संस्थानात राहण्याची मुभा मिळाली. तिथे त्याने चेंचू, कोंडा रेड्डी आणि राजगोंड यांचा अभ्यास केला. त्यावरचे त्याचे ग्रंथ 1943, 1945 आणि 1948 मध्ये प्रसिद्ध झाले. 1940 मध्ये कुमराम भीम यांच्या नेतृत्वाखाली आदिलाबादच्या गोंडांनी उठाव केला होता. त्यानंतर गोंडांच्या असंतोषाची कारणे समजून घेण्यासाठी निजाम सरकारने हायमेनडॉर्फच्या अभ्यासाचा आधार घेतला. पुढे तो सरकारचा सल्लागार झाला. गोंडांच्या जमिनीचे प्रश्न आणि त्यांच्या मुलांच्या शाळा यांसाठी त्याने काम केले, याचे श्रेय त्याला दिले पाहिजे.

आज नांदेड जिल्ह्यात असलेला किनवट तालुका तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होता. म्हणजे ज्या डोंगरांत तो कॅमेरा फिरला ते आमच्यापासून फार लांब नाहीत. त्याने काढलेले फोटो आणि चित्रफिती आज लंडनमधल्या स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीज या संस्थेत आहेत. तिथेच तो 1949 पासून शिकवत होता. त्या संग्रहातली काही छायाचित्रे मी इंटरनेटवरून पडद्यावर दाखवली. किनवटकडून आलेला एक मुलगा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “सर, यात आमच्या पणजोबांच्या गावचं कोणी असलं तर ते आम्हाला कसं कळणार?” मी उत्तर देऊ शकलो नाही. हायमेनडॉर्फचा हेतू चांगला होता आणि काम मोलाचे होते, हे सांगूनही तो प्रश्न तसाच राहतो.

एक वेगळी वाटही आपल्याकडे झाली आणि ती मी मुद्दाम सविस्तर शिकवली. तिच्यात कॅमेऱ्याआधी कान आला. 1980 च्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या मुळशी भागात हेमा राईरकर आणि गी पॉइतवां यांनी गावोगावच्या बायकांबरोबर जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. हे काम पुढे महाराष्ट्रभर पसरले आणि एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह झाला. 1990 च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या पुष्कळ गायिकांचे ध्वनिमुद्रण केले. परभणी जिल्ह्यातले ताडकळस हे त्या मुद्रणाच्या गावांपैकी एक. आज हा संग्रह पी. साईनाथ यांनी 2014 मध्ये सुरू केलेल्या ‘पारी’ या संकेतस्थळावर कोणालाही ऐकता येतो. ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव दिलेले असते. संकेतस्थळाची माणसे काही गावांत पुन्हा गेली, त्याच बायकांना भेटली, त्यांना त्यांच्या ओव्या ऐकवल्या आणि नव्याने चित्रणही केले.

‘द पीपल ऑफ इंडिया’च्या शेजारी हा संग्रह ठेवला की फरक कोणालाही दिसतो. मी वर्गात ताडकळसचे मुद्रण लावले. मुली पहिल्या ओळीलाच एकमेकींकडे बघू लागल्या. बोली त्यांची होती, चाल त्यांच्या आज्यांची होती. आणि जाते हे आमच्या जिल्ह्याला काही परके नाही. गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. गोदाकाठी त्यांचे समाधिस्थान आहे. जनीबरोबर विठ्ठल दळू लागला ही कथा इथल्या पोराबाळांनाही ठाऊक असते. पहाटेच्या अंधारात, घरातली पुरुषमाणसे झोपलेली असताना, दोन बायकांनी समोरासमोर बसून बोलायची जागा म्हणजे जाते. पिठाची गिरणी आली आणि दळणाचे कष्ट गेले. त्याबद्दल कोणीही बाई हळहळत नाही. पण बोलायची ती जागाही गेली.

हे मुद्रण ऐकल्यावर निराधारच्या फोटोची गोष्ट सांगणारी मुलगी तासानंतर माझ्याकडे आली. तिला आजीवर लघुपट करायचा होता. आजीला ओव्या येत होत्या. आमच्याकडे कॅमेरा नव्हता. विद्यार्थ्यांचे मोबाईल, दोन तिपाया आणि उसना मायक्रोफोन एवढीच सामग्री. मी होकार दिला.

ऑक्टोबरच्या सुट्टीत चित्रण ठरले. घरातले जाते वीस-बावीस वर्षे वापरात नव्हते. वरची तळी रांजणाखाली आणि खालची गोठ्याच्या भिंतीशी पडलेली. खुंटा तर जळणात गेला होता. नवा खुंटा बसवला, दगड धुतले. टाकी लावलेली नसल्याने पीठ नीट पडणार नव्हते, ते तसेच चालवून घ्यायचे ठरले. शेजारची एक म्हातारी जोडीला आली. मी पुरुष, त्यातून नातीचा मास्तर. मी घरात बसलो असतो तर ओवी निघालीच नसती. म्हणून मी मारुतीच्या पारावर थांबलो. आत काय झाले ते मी नंतर चित्रफितीत पाहिले. नातीने मोबाईल लावून “हां आजी, फिरव” म्हटल्यावर आजी म्हणते, “रिकामं जातं फिरवू नये, माय. ज्वारी आण.” मग कोठीतून ज्वारी येते, सूप येते, आजी पदर खोचते आणि पहिली मूठ जात्यात घालते.

आता हे खरे की खोटे? बंद पडलेले जाते आम्ही कॅमेऱ्यासाठी चालू केले. हॅडनच्या पुठ्ठ्याच्या मुखवट्यांहून हे वेगळे कसे? वर्गात यावर दोन तास वाद झाला. मी त्यांना ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ची आठवण करून दिली. रॉबर्ट फ्लाहर्टी यांचा हा 1922 चा चित्रपट कॅनडाच्या उत्तरेकडील इनुइट लोकांवर आहे. बर्फाच्या घरात कॅमेऱ्याला पुरेसा उजेड मिळावा म्हणून त्यांनी अर्धेच घर बांधून घेतले. लोक बंदुकीने शिकार करत असताना पडद्यावर भाल्याने करवली. नायकाचे खरे नाव नानूक नव्हते, अल्लाकारियालाक होते. पण याच फ्लाहर्टींनी केलेले चित्रण तिथेच धुऊन त्या लोकांना दाखवले होते, हेही खरे आहे. शेवटी मुलीनेच तोड काढली. रांजण बाजूला करून तळी काढतानाचा, नवा खुंटा ठोकतानाचा भाग तिने लघुपटाच्या सुरुवातीला ठेवला. बघणाऱ्याला पहिल्या मिनिटातच कळते की हे जाते आज लघुपटासाठी मांडले आहे. पुढचे गाणे मात्र आजीचेच आहे.

चित्रण चाळीस मिनिटे चालले होते. मध्येच आजी ओवी थांबवते. हात फिरत राहतो आणि ती थोरल्या लेकीविषयी बोलू लागते. तीनेक मिनिटे ती बोलते, मग पुन्हा गाऊ लागते. काय बोलली ते इथे लिहीत नाही. त्याचे कारण पुढे आहे. त्या तीन मिनिटांनी लघुपटाला जीव आला होता, एवढे सांगतो. संकलन करून अकरा मिनिटांचा लघुपट तयार झाला. जात्याच्या घरघरीत शब्द बुडत होते, म्हणून तिने मोबाईलवरच्या एका सोयीने ती घरघर कमी केली आणि मोकळ्या वाटणाऱ्या जागी बासरीचे सूर घातले. मला दाखवले. मी “छान झालंय” म्हणालो.

डिसेंबरमध्ये एका संध्याकाळी गावात लघुपट दाखवला. मारुतीच्या सभामंडपात पांढरी चादर बांधली, प्रोजेक्टर उसना आणला. चाळीसेक बाया आल्या, मागे थोडे पुरुष. आजीला पुढे बसवले. खुंटा ठोकताना पाहून हशा झाला. मग ओवी सुरू झाली आणि बासरी आली. आजीने मागे वळून नातीला विचारले, “हे कोण वाजवायलंय? म्या तर जात्यासंगं म्हनत व्हते.” दुसरी एक बाई म्हणाली, “जात्याबिगर ववी कशी व्हईल? सूर तर जात्याचाच असतो.”

मी मागच्या भिंतीशी उभा होतो. मला तिथल्या तिथे शरम वाटली, कारण नेमकी हीच गोष्ट मी सप्टेंबरमध्ये वर्गात शिकवली होती. फ्रेंच मानवशास्त्रज्ञ आणि चित्रपटकार झां रूश यांनी नायजर नदीवरच्या पाणघोड्याच्या शिकारीवर 1950 च्या दशकाच्या आरंभी एक चित्रपट केला. पुढे तो त्यांनी त्याच शिकाऱ्यांना त्यांच्या गावी दाखवला. शिकारीच्या ऐन प्रसंगाला त्यांनी शिकाऱ्यांचेच एक पारंपरिक गीत जोडले होते. शिकारी म्हणाले, हे काढून टाका. शिकारीत शांतता लागते, आवाज झाला तर पाणघोडा निघून जाईल. रूश यांनी संगीत काढले. ज्याचे चित्रण केले त्याला ते दाखवायचे आणि त्याचे मत घेऊन पुढचे काम करायचे, या पद्धतीला त्यांनी पुढे वाटून घेतलेले मानवशास्त्र म्हटले. मी हे रंगवून सांगितले होते, परीक्षेत त्यावर प्रश्नही काढला होता. आणि माझ्यासमोर जात्याचा सूर पुसून बासरी आली तेव्हा मी मान डोलावली होती. शब्द म्हणजे ओवी आणि घरघर म्हणजे अडथळा, असे माझ्याही कानाने धरून चालले होते.

ही चूक दुरुस्त होण्यासारखी होती. दुसरी तशी नव्हती. थोरल्या लेकीचा भाग पडद्यावर आला तेव्हा मंडपात एकदम शांतता पसरली. आजी उठली आणि काही न बोलता घराकडे गेली. लघुपट संपला, लोकांनी नातीचे कौतुक केले, पण तिचे लक्ष नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी आजीने तिला सांगितले, “तेवढं काढ, माय. ते म्या जात्याला सांगितलं व्हतं, गावाला नाही.”

चित्रणाला आजीने होकार दिला होता. आमच्याकडे तिचा अंगठा घेतलेला कागद होता. पण तो होकार मोबाईलसमोर बसण्याला होता. चाळीस माणसांत काय दाखवले जाणार आहे, हे तिला कोणी आधी दाखवले नव्हते. रूश यांची गोष्ट सांगताना मी ‘गावाला दाखवले’ यावर भर दिला होता. आधी त्या एका माणसाला, घरात, एकट्याने दाखवायचे, ही पायरी मी शिकवलीच नव्हती.

मुलगी माझ्याकडे आली ती रडवेली होऊन. तो भाग काढला तर लघुपटाचा गाभाच जाणार होता, आणि शंभरातले पन्नास गुण लघुपटाला होते. मी तिला काय करावे ते सांगितले नाही. तुझी आजी आहे, तू ठरव, म्हणालो. आता वाटते, तेही अर्धवट होते. चूक माझी असताना निर्णयाचा भार मी तिच्यावर टाकला. तिने तीन मिनिटे काढली, बासरी काढली आणि जात्याची घरघर पुन्हा पूर्ण आवाजात आणली. आठ मिनिटांचा लघुपट उरला. जानेवारीत बाहेरून आलेल्या परीक्षकांना तो मध्ये तुटल्यासारखा वाटला, आणि तसा तो आहेही. तिला पन्नासपैकी एकतीस गुण मिळाले. काय काढले आणि का काढले याचे तिने लिहिलेले दोन पानी टिपण मी जोडले होते, पण गुणपत्रिकेत त्यासाठी रकाना नव्हता. मी वर्षभर जे शिकवत होतो त्याचे सर्वांत पक्के उत्तर त्या दोन पानांत होते.

यंदाच्या तुकडीसाठी अंतर्गत गुणांची वाटणी माझ्या हातात होती तेवढी मी बदलली. चित्रण ज्याचे केले त्याला आधी घरी दाखवले का, त्याने काय सांगितले, त्यावर काय बदलले, याच्या टिपणाला दहा गुण ठेवले. लघुपटातही असेच मोजता यावे, असे पत्र अभ्यास मंडळाला दिले आहे. आणखी एक नियम केला. प्रत्येक लघुपटाच्या तीन प्रती निघतात. एक विभागात, एक विद्यार्थ्याकडे आणि एक ज्याचे चित्रण केले त्याच्या घरी. आजीच्या पेटीत तिचे मेमरी कार्ड एका जुन्या डबीत ठेवलेले आहे. काढलेली तीन मिनिटे त्यात आहेत. विभागाच्या प्रतीत ती नाहीत.

कार्ड लावून बघायला आजीकडे काही साधन नाही. तिने मागितले होते वेगळेच, कागदावरचा फोटो. लघुपटातले एक दृश्य निवडून परभणीच्या स्टुडिओत ते मोठे करून घेतले. आजी जात्यापाशी बसली आहे, हात खुंट्यावर आहे, समोरच्या म्हातारीचा अर्धा खांदा दिसतो. फोटो चौकटीत बसवून घराच्या मधल्या खोलीत लावला आहे. निराधारच्या अर्जानंतरचा हा तिचा दुसरा फोटो. मागच्या बाजूला तारीख आहे, दोन्ही बायकांची नावे आहेत आणि खाली चित्र काढणाऱ्या नातीचे नाव आहे.